केस विश्लेषणाचे लेखन : बाल्कोच्या निर्गुंतवणुकीच्या आधारे

व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘केस’ या नावाने विद्यार्थ्याच्या हाती जे दहा-पंधरा पानांचे टिपण येते, त्यात एखाद्या संस्थेसमोर प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या पेचाची हकिकत, त्या पेचात सापडलेली माणसे, आकडेवारीचे तक्ते आणि बहुधा एका अधिकाऱ्याने लवकरच घ्यावयाचा निर्णय एवढी सामग्री असते. त्या निर्णयाचे उत्तर मात्र मुद्दाम वगळलेले असते. ते उत्तर शोधून काढणे आणि कारणांसह, आकड्यांसह लेखी मांडणे म्हणजे केस विश्लेषण. ही व्याख्या सोपी असली तरी परीक्षकांच्या हाती पडणाऱ्या बहुतेक उत्तरपत्रिकांत विश्लेषणाऐवजी सारांश असतो: कंपनीची स्थापना कधी झाली, उलाढाल किती, संकट कोणते, आणि शेवटी व्यवस्थापनाने सर्व घटकांना विश्वासात घ्यावे असा एक निरुपद्रवी सल्ला. अशा उत्तरात चूक काढता येत नाही, कारण त्यात कोणतीही भूमिकाच घेतलेली नसते. विश्लेषणाचे मूल्य ठरते ते एका विशिष्ट व्यक्तीच्या वतीने, एका विशिष्ट तारखेला, तेव्हा हाती असलेल्या माहितीवर निर्णय घेण्याच्या तयारीवरून.

ही अध्यापनपद्धती कायद्याच्या शिक्षणातून आली. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झाले आणि १९१९ मध्ये तेथे अधिष्ठाता झालेले वॉलेस डोनम हे स्वतः कायद्याचे पदवीधर असल्यामुळे, न्यायालयीन खटल्यांच्या आधारे कायदा शिकवण्याची रीत व्यवसायशिक्षणात आणण्याचा त्यांनी आग्रह धरला. भारतात १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने हार्वर्डच्या सहकार्याने ही पद्धत रुजवली, आणि रायपूरमध्ये २०१० मध्ये सुरू झालेल्या आयआयएमपर्यंत ती आता सर्वत्र पोहोचली आहे. मुळाशी खटला असल्याने या लेखनात दोन गोष्टी अंगभूत आहेत: एक पक्ष घ्यावा लागतो, आणि पुराव्याशिवाय केलेले विधान टिकत नाही.

रायपूरमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सरावासाठी बोस्टन किंवा बंगळूरुकडे पाहण्याचे कारण नाही. शहरापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेल्या कोरबा येथील भारत अॅल्युमिनियम कंपनीची, म्हणजे बाल्कोची, २००१ मधील निर्गुंतवणूक ही भारतीय व्यवसायजगतातील अत्यंत शिकवण्याजोग्या प्रसंगांपैकी एक आहे. निर्गुंतवणूक म्हणजे सरकारने आपल्या मालकीच्या उद्योगातील भागभांडवल विकणे. आणि विकलेल्या हिश्शाबरोबर व्यवस्थापनाचा ताबाही खरेदीदाराकडे जात असेल, तर तिला धोरणात्मक विक्री म्हणतात. पुढील सर्व मार्गदर्शन याच प्रसंगावर बेतलेले आहे, कारण नियम नुसते सांगितले तर ते पाठ होतात आणि प्रत्यक्ष लिहिताना उपयोगी पडत नाहीत.

प्रसंगातील मुख्य वस्तुस्थिती अशी आहे. १९६५ मध्ये सार्वजनिक क्षेत्रात स्थापन झालेल्या या कंपनीकडे कोरबा येथे वर्षाला एक लाख टन अॅल्युमिनियम तयार करणारा स्मेल्टर, म्हणजे धातू गाळणारा कारखाना, आणि २७० मेगावॅटचे स्वतःचे वीजकेंद्र होते. निर्गुंतवणूक आयोगाच्या शिफारशींनंतर केंद्र सरकारने ५१ टक्के हिस्सा विकण्याचे ठरवले. त्यापूर्वी कंपनीचे ४८८.८५ कोटी रुपयांचे भागभांडवल निम्म्यावर आणून २४४.४२ कोटी रुपये सरकारने परत घेतले होते. अखेरच्या टप्प्यात किंमतीच्या निविदा दोनच आल्या: स्टरलाइट इंडस्ट्रीजची ५५१.५ कोटींची आणि हिंडाल्कोची २७५ कोटींची. सरकारने ठरवलेली राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विक्री करायची नाही ती किंमत, ५१४.४ कोटी होती. विक्रीचा निषेध करणारा प्रस्ताव १ मार्च २००१ रोजी लोकसभेत ११९ विरुद्ध २३९ मतांनी फेटाळला गेला, दुसऱ्या दिवशी करारांवर सह्या झाल्या, आणि ३ मार्चपासून कोरब्यातील कामगारांनी जो संप पुकारला तो ६७ दिवस चालला. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी नुकतेच अस्तित्वात आले होते. मुख्यमंत्री अजित जोगी यांनी विक्रीला उघड विरोध केला, स्टरलाइटएवढी किंमत देऊन हा हिस्सा राज्याने घ्यावा अशी तयारी दाखवली आणि आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणाचा प्रश्न उपस्थित केला. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २००१ रोजी निर्गुंतवणूक हा आर्थिक धोरणाचा विषय असल्याचे सांगून विक्री वैध ठरवली.

एवढी सामग्री समोर आल्यावर पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा की निर्णय कोणाचा आणि कोणत्या दिवसाचा. हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण संपूर्ण लेखनाची दिशा त्यावर ठरते. फेब्रुवारी २००१ मधील निर्गुंतवणूक विभागाच्या खुर्चीत बसणाऱ्याला किंमत पुरेशी आहे का आणि दोनच निविदा आलेल्या असताना विक्री पुढे न्यावी का, हे ठरवायचे आहे. मार्चच्या मध्यावर स्टरलाइटच्या वतीने विचार करणाऱ्याला बंद कारखाना पुन्हा कसा सुरू करायचा, हे ठरवायचे आहे. कामगार संघटनेच्या नेत्याला संप किती ताणायचा आणि कोणत्या अटीवर मागे घ्यायचा, याचा हिशेब मांडायचा आहे. तिन्ही ठिकाणी वस्तुस्थिती तीच असली तरी तिच्यातील कोणता भाग महत्त्वाचा, हे प्रत्येक वेळी बदलते: राखीव किंमत निर्गुंतवणूक विभागासाठी निर्णायक आहे, पण करार झाल्यानंतर स्टरलाइटच्या दृष्टीने ती केवळ इतिहास उरते. पुष्कळ विद्यार्थी तिन्ही खुर्च्यांवर आळीपाळीने बसतात आणि त्यामुळे त्यांचे लेखन कोठेच पोहोचत नाही. पहिल्या परिच्छेदातच निर्णयकर्ता आणि तारीख स्पष्ट लिहिली, तर हा घोळ सुरुवातीलाच टळतो.

येथे उदाहरणादाखल मार्च २००१ च्या तिसऱ्या आठवड्यातील स्टरलाइटचे व्यवस्थापन निवडले आहे. त्या दिवशी व्यवस्थापनाला संप किती दिवस चालेल हे ठाऊक नाही, न्यायालय काय म्हणेल हेही ठाऊक नाही. विद्यार्थ्याला मात्र दोन्ही गोष्टी ठाऊक असतात, आणि त्या विसरून लिहिणे हीच या शिस्तीतील सर्वांत कठीण गोष्ट आहे. न्यायालयाने पुढे विक्री वैध ठरवली, म्हणून स्टरलाइटने स्वस्थ बसून निकालाची वाट पाहणे योग्य होते, असे लिहिणे हे विश्लेषण ठरत नाही. निकालाची शक्यता त्या दिवशी किती वाटत होती आणि निकाल उलट गेला असता तर काय हानी झाली असती, एवढेच त्या दिवशी मोजता येत होते.

दुसरी पायरी प्रश्नाच्या मांडणीची. संप हे लक्षण आहे. प्रश्न त्याखाली असतो आणि तो शोधल्याशिवाय सुचवलेला उपाय वरवरचा ठरतो. कामगारांचा विरोध नेमका कशाला होता, याची उत्तरे एकाहून अधिक आहेत: नोकरी जाण्याची भीती, सरकारी नोकरीबरोबर येणारी प्रतिष्ठा आणि निवृत्तिलाभ यांबद्दलची अनिश्चितता, आणि विक्रीच्या प्रक्रियेत आपले म्हणणे कोणी ऐकलेच नाही ही सल. करारात पहिले वर्ष कामगार कपात न करण्याची अट होती, तरीही संप झाला. याचा अर्थ एक वर्षाची हमी पुरेशी वाटली नाही, किंवा हमी देणाऱ्यावर विश्वास नव्हता, किंवा भीती कपातीपेक्षा निराळ्या गोष्टीची होती. या तीन शक्यतांचे उपाय तीन वेगवेगळे आहेत: पहिल्यात हमीची मुदत वाढवावी लागेल, दुसऱ्यात हमीला त्रयस्थाचा आधार द्यावा लागेल, तिसऱ्यात निवृत्तिलाभांची लेखी निश्चिती करावी लागेल. प्रश्नाचे विधान एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर केस अजून पुरती वाचून झालेली नाही असे खुशाल समजावे. या उदाहरणात ते विधान असे होऊ शकते: राज्य सरकार विरोधात आणि मालकीचा वाद न्यायालयात असताना, सुमारे सात हजार कामगारांना नव्या मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवायला लावून स्मेल्टर लवकरात लवकर पुन्हा कसा सुरू करावा.

या विधानात ‘लवकरात लवकर’ हे शब्द का आले, हे समजण्यासाठी उद्योगाचे तंत्र जाणावे लागते, आणि व्यवस्थापनाचे विद्यार्थी नेमके येथेच आळस करतात. अॅल्युमिनियम विद्युतविघटनाने तयार होते: अॅल्युमिना वितळलेल्या क्षारात विरघळवून त्यातून प्रचंड वीजप्रवाह सोडला जातो, आणि एका टनामागे साधारण १५ हजार युनिट वीज लागते. ही क्रिया ज्या कुंडांत चालते त्यांना पॉट म्हणतात. वीज काही तास खंडित झाली किंवा पॉटकडे लक्ष द्यायला माणसे नसली, तर आतील द्रव गोठतो आणि पॉट पुन्हा चालू करणे वेळखाऊ व खर्चिक होते. कापड गिरणी कुलूप लावून बंद करता येते आणि उघडून सुरू करता येते. स्मेल्टरचे तसे नाही. म्हणूनच या उद्योगात संपाची धार अधिक तीव्र असते, आणि ज्या विद्यार्थ्याने हे वाचलेलेच नसते त्याचे उत्तर सिमेंटच्या किंवा बिस्किटाच्या कारखान्यालाही तसेच्या तसे लागू पडते. जे उत्तर कोणत्याही कंपनीला लागू पडते, ते या कंपनीबद्दल काहीच सांगत नाही.

यानंतर आकडे. केसच्या शेवटी जोडलेल्या तक्त्यांना वर्गात ‘एक्झिबिट’ म्हणतात, आणि त्यांतील आकडे जसेच्या तसे उत्तरात उतरवणे निरर्थक असते. त्यांच्यावर काही क्रिया करून नवे काही हाती लागले, तरच ते उत्तरात यावेत. निर्गुंतवणूक विभागाच्या खुर्चीसाठी असलेले एक साधे उदाहरण घेता येईल. ५१ टक्क्यांना ५५१.५ कोटी म्हणजे संपूर्ण कंपनीची किंमत सुमारे १,०८१ कोटी धरली गेली, आणि हिंडाल्कोच्या निविदेप्रमाणे ती सुमारे ५३९ कोटीच येते. एकाच कारखान्याचे दोन जाणकार खरेदीदार, आणि त्यांच्या अंदाजात दुपटीचा फरक. विरोधक ‘कवडीमोलाने विक्री’ असे म्हणत होते, पण या फरकाचा अर्थ लावणे हे घोषणेपेक्षा अवघड काम आहे. हिंडाल्को ही अॅल्युमिनियममधील प्रस्थापित कंपनी होती. स्टरलाइटकडे १९९५ पासून तामिळनाडूतील मद्रास अॅल्युमिनियम असली तरी ती तुलनेने लहान होती, आणि बाल्को मिळाल्याने तिचे या धंद्यातील स्थान एका उडीत बदलणार होते. त्यामुळे तिने अधिक बोली लावणे समजण्यासारखे आहे. शिवाय ५१ टक्के ही नुसती निम्म्याहून थोडी जास्त मालकी नसते. तिच्याबरोबर ताबा येतो, आणि ताब्यासाठी मोजल्या जाणाऱ्या जादा किंमतीला नियंत्रण-अधिमूल्य म्हणतात. हे लक्षात घेतल्यावर ५१ टक्क्यांच्या भावाने उरलेल्या ४९ टक्क्यांचे मोल ठरवणे किती धोक्याचे आहे, हे उघड होते.

कंपनीच्या मूल्यमापनाच्या पद्धतींबाबतही असेच सावध राहावे. भविष्यात येणाऱ्या रोख रकमांचे आजचे मूल्य काढणारी पद्धत, तशाच इतर कंपन्यांच्या बाजारभावाशी तुलना करणारी पद्धत, ताळेबंदावर आधारलेली पद्धत आणि जमीन-यंत्रे-इमारती वेगळ्या मोजणारी मालमत्ता पद्धत, या चारही पद्धतींचा बाल्कोच्या वेळी विचार झाला होता. यांतील शेवटची पद्धत सामान्य वाचकाला सर्वांत पटते, कारण जमीन आणि यंत्रे डोळ्यांना दिसतात. परंतु चालू उद्योग विकत घेणारा माणूस त्यातून पुढे मिळणाऱ्या उत्पन्नासाठी पैसे देतो, मोडीत काढण्यासाठी नव्हे. कोणती पद्धत का निवडली आणि इतर का बाजूला ठेवल्या, हे दोन वाक्यांत लिहिणारा विद्यार्थी चार पद्धतींची सूत्रे लिहिणाऱ्यापेक्षा पुढे जातो.

निवडलेल्या खुर्चीकडे, म्हणजे स्टरलाइटकडे, परत येऊन संपाच्या खर्चाचा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. वर्षाला एक लाख टन क्षमता म्हणजे दिवसाला सुमारे २७४ टन. त्या वर्षीचा आंतरराष्ट्रीय भाव टनामागे साधारण १,४०० ते १,५०० डॉलर आणि डॉलर सुमारे ४७ रुपये धरला, तर कारखाना पूर्ण क्षमतेने चालतो या गृहीतकावर दिवसाला १.८ ते १.९ कोटी रुपयांची विक्री बुडते. येथे अनेक जण थांबतात आणि एवढा तोटा झाला असे लिहितात, ते चुकीचे आहे. उत्पादन बंद असताना कोळसा, बॉक्साइट आणि इतर कच्चा मालही खर्च होत नाही. विक्रीतून असे बदलते खर्च वजा केल्यावर जे उरते त्याला योगदान म्हणतात, आणि ते विक्रीच्या एक तृतीयांश आहे असे मानले तर रोजचे नुकसान साठ लाखांच्या आसपास येते. एक तृतीयांश हे गृहीतक आहे, आणि ते गृहीतक आहे असे उत्तरात ठळकपणे लिहिलेच पाहिजे.

आता याच आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवावा. समजा, एक वर्षाची हमी संपल्यावर व्यवस्थापन हजार कामगार कमी करू पाहत आहे आणि प्रत्येक कामगारामागे महिन्याला दहा हजार रुपये खर्च होतो. तर हमीची मुदत आणखी एका वर्षाने वाढवण्याची किंमत बारा कोटी रुपये होते. दिवसाला साठ लाखांच्या हिशेबाने हे वीस दिवसांच्या संपाएवढे झाले. संपकाळात सात हजार कामगारांची मजुरी द्यावी लागत नाही, ती रोजची सुमारे तेवीस लाखांची बचत धरली, तर समतोलाचा बिंदू तेहेतीस दिवसांवर जातो. म्हणजे हमी वाढवल्याने संप सुमारे महिनाभराने लवकर मिटण्याची वाजवी शक्यता असेल, तर ती देणे निव्वळ पैशाच्या दृष्टीनेही परवडते. हे गणित शाळकरी आहे, पण कामगारांना दिलासा द्यावा या सद्भावनेला ते निर्णयाचे वजन देते, आणि गृहीतक बदलले तर निष्कर्ष कोठे उलटतो हेही दाखवते. कमी करावयाचे कामगार हजारांऐवजी तीन हजार असतील, तर समतोलाचा बिंदू शंभर दिवसांजवळ जातो आणि तोच सल्ला महाग पडतो. परीक्षक ज्याला आकड्यांचा वापर म्हणतात तो हाच.

विश्लेषणाचे तयार साचे, उदाहरणार्थ बलस्थाने-उणिवा-संधी-धोके यांचा चौकोन किंवा मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये मांडलेली स्पर्धेची पाच बले, यांचा उपयोग विचार करताना होतो. उत्तरात ते जसेच्या तसे छापण्याची गरज नसते. पाच बलांनी अॅल्युमिनियम उद्योगाची रचना समजेल, पण कोरब्याच्या फाटकावर बसलेल्या कामगाराबद्दल तो साचा काहीच सांगणार नाही, आणि मार्च २००१ चा पेच तर त्या फाटकावर होता. साचा प्रश्नावरून निवडायचा असतो. येथे हितसंबंधीयांचे विश्लेषण, म्हणजे प्रत्येक घटकाला काय हवे आहे, तो काय रोखू शकतो आणि कशावर राजी होईल याची मांडणी, अधिक उपयोगाची आहे.

त्या मांडणीत राज्य सरकारची जागा सर्वांत नाजूक आहे. जमीन, पाणी आणि खाणपट्टे यांचा संबंध राज्याशी असल्यामुळे, केंद्राशी केलेला करार कितीही पक्का असला तरी राज्याचा विरोध कायम ठेवून कारखाना चालवणे कठीण होते. जमिनीचा प्रश्नही केवळ राजकीय नव्हता. अनुसूचित क्षेत्रातील आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ मध्ये निर्बंध होते, ही संहिता नव्या राज्याला वारशाने मिळाली होती; आणि आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रांतील खाणपट्ट्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेला समता निकाल सर्वांच्या समोर होता. बाल्कोच्या निकालात न्यायालयाने तो निकाल येथे लागू होत नसल्याचे म्हटले, पण मार्चमध्ये हे कोणालाही गृहीत धरता येत नव्हते. ज्यांच्या जमिनीवर कारखाना उभा राहिला, त्यांचे नाव केसच्या कोणत्याही तक्त्यात नसते; तक्त्यात जे नाही ते प्रश्नातही नाही असे मानण्याची सवय वर्गात लागली, तर ती पुढे नोकरीतही सुटत नाही, आणि तिची किंमत दुसरेच लोक मोजतात.

पर्याय मांडताना एक पर्याय स्वतःचा आणि दोन उघडच फोल, अशी रचना करू नये. प्रत्येक पर्याय त्याचा समर्थक ज्या जोमाने मांडेल तसा मांडावा. स्टरलाइटपुढे चार खरे मार्ग होते. न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबावे, कारण कराराची वैधता ठरल्याशिवाय कामगारांना दिलेल्या कोणत्याही आश्वासनाला अर्थ नाही. केंद्राच्या मदतीने कारखाना सुरू करण्याचा प्रयत्न करावा, कारण मालक म्हणून तो तिचा हक्क आहे. कामगार संघटनांशी थेट बोलणी करून हमीची मुदत आणि निवृत्तिलाभ लेखी द्यावेत. किंवा व्यवहारातून बाहेर पडण्याची वाटाघाट करावी, कारण ५५१.५ कोटी रुपये वादात अडकून ठेवण्यापेक्षा इतरत्र गुंतवता येतील. यांची तुलना करण्याचे निकष आधी जाहीर करावेत आणि त्यांना क्रम द्यावा: स्मेल्टर सुरू होण्याचा वेग, कामगारांशी पुढील दहा वर्षांचे संबंध, राज्य सरकारचा विरोध निवळण्याची शक्यता आणि लागणारा पैसा. निकष पर्यायांनंतर सुचले तर ते आवडत्या पर्यायाच्या मापाने कापलेले असतात, आणि अनुभवी वाचकाला ते लगेच कळते.

या निकषांवर तिसरा मार्ग निवडावा, मात्र न्यायालयातील बाजू एकाच वेळी भक्कमपणे लढवत राहावी, ही शिफारस सर्वाधिक समर्थनीय वाटते. दुसऱ्या मार्गाने फाटक उघडेल, पण पॉट चालवणारे कुशल हात जबरदस्तीने परत येत नाहीत. पहिल्या मार्गात दरदिवशी साठ लाख मोजून अनिश्चितता विकत घ्यावी लागते. शिफारशीबरोबर तिच्या विरुद्धचा सर्वांत बळकट आक्षेपही लिहावा: संपाच्या दबावाखाली हमी दिली, तर पुढील प्रत्येक मागणीसाठी संप हेच हत्यार ठरेल. याला उत्तर असे देता येईल की हमी केवळ मुदतीची असावी, उत्पादकतेच्या अटींशी जोडलेली असावी आणि स्वेच्छानिवृत्तीचा उदार पर्याय तिच्यासोबत असावा, म्हणजे मनुष्यबळ कमी करण्याचा रस्ता बंद होत नाही. हे उत्तर आक्षेप पूर्णपणे मिटवत नाही, आणि तसे लिहिण्यात कमीपणा नाही.

अंमलबजावणीचा भाग विद्यार्थी शेवटच्या पाच ओळींत उरकतात. पहिल्या आठवड्यात कोणी कोणाशी बोलायचे, एकाहून अधिक संघटना असतील तर बोलणी एकत्र की वेगळी, लेखी हमीवर कोणाची सही असेल, पॉट पुन्हा सुरू करण्याचे तांत्रिक वेळापत्रक काय, आणि पंधरा दिवसांत काहीच घडले नाही तर पुढे काय, एवढे तरी लिहिल्याशिवाय शिफारस पूर्ण होत नाही. ‘संवाद साधावा’ हे क्रियापद कोणाचे नाव आणि तारीख यांच्याशिवाय वापरूच नये.

लेखनाचा क्रम विचाराच्या क्रमाच्या उलट ठेवावा. विचार वस्तुस्थितीकडून शिफारशीकडे जातो. लेखात मात्र शिफारस पहिल्या परिच्छेदात यावी, कारण वाचणारा परीक्षक असो की संचालक, त्याला आधी निष्कर्ष हवा असतो आणि मग त्याची कारणे. केसमधील हकिकत पुन्हा सांगण्यासाठी एकूण लेखनाच्या दशांशाहून अधिक जागा देऊ नये. भाषेच्या बाबतीत रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर येथील मराठी घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांची एक खास अडचण असते: घरी मराठी, बाजारात आणि शाळेत हिंदी, आणि उत्तरपत्रिका इंग्रजीत. युक्तिवादाचा पहिला आराखडा ज्या भाषेत विचार सहज चालतो त्या भाषेत लिहावा आणि नंतर तो उत्तराच्या भाषेत आणावा. कारण अनोळखी भाषेत थेट लिहू लागले की पाठ्यपुस्तकातील तयार वाक्ये हाताशी येतात, आणि त्यांच्यामागे स्वतःचा विचार होता की नाही हे लिहिणाऱ्यालाही उमगत नाही. गटाने लिहिताना परिच्छेद वाटून घेण्यापेक्षा शिफारशीवर आधी भांडावे आणि मग एकानेच सलग लिहावे.

कौतुकाच्या केसेसमध्ये, उदाहरणार्थ हार्वर्डने २०१० मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांवर प्रसिद्ध केलेल्या केसमध्ये, धोका निराळा असतो. तेथे संस्था इतकी आवडीची असते की विश्लेषणाचे गुणगान होते. लाखो डब्यांमागे होणाऱ्या चुकांचा जो आकडा सर्वत्र उद्धृत होतो, तो कोणी आणि कसा मोजला हे विचारणे, आणि हीच व्यवस्था दुसऱ्या शहरात, लोकलगाड्यांशिवाय, चालेल का हे तपासणे, हे त्या केसमधील खरे काम आहे.

प्रत्यक्षात पुढे काय घडले, हे वर्गात चर्चेनंतर सांगितले जाते, आणि विद्यार्थ्याने ते आपल्या लेखाच्या शेवटी स्वतंत्र टिपणात लिहायला हरकत नाही, फक्त त्याच्या आधारे मूळ युक्तिवाद दुरुस्त करू नये. बाल्कोच्या बाबतीत ते टिपण लांबेल. उरलेला ४९ टक्के हिस्सा तीन वर्षांनंतर विकत घेण्याचा हक्क, ज्याला कॉल ऑप्शन म्हणतात, स्टरलाइटने २००४ मध्ये बजावला; सरकारने तो मानला नाही, प्रकरण लवादाकडे गेले आणि २०११ मध्ये निर्णय कंपनीच्या विरोधात लागला, त्यामुळे तो हिस्सा सरकारकडेच राहिला. विस्तारप्रकल्पातील बांधकाम चालू असलेली चिमणी २३ सप्टेंबर २००९ रोजी कोसळून किमान ४० कामगार मृत्युमुखी पडले. पहिल्या घटनेवरून कराराच्या मसुद्याची, आणि दुसरीवरून कंत्राटी कामावरील देखरेखीच्या जबाबदारीची, अशा दोन पूर्णपणे वेगळ्या केसेस लिहिता येतात; दोन्हींतील निर्णयकर्ता कोण आणि तारीख कोणती, हे विद्यार्थ्यानेच आधी ठरवावे.